पांढरं कार्ड आणि आईच्या पाटल्या

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पाच पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्राचा मजकूर थोडक्यात असा :

"माझे वडील ७२ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मार्चमध्ये एका रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. दारातच सरकारच्या मोफत उपचार योजनेचा मोठा बोर्ड होता, म्हणून मी काउंटरवर विचारलं. 'रेशनकार्ड कुठलं? पांढरं? मग नाही बसत,' असं उत्तर मिळालं. ५० हजार डिपॉझिट भरलं. अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट टाकला, बिल झालं २ लाख १० हजार. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. आता डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या रक्तवाहिनीतही ब्लॉक आहे, दोन-तीन महिन्यांत तिथेही स्टेंट टाकावा लागेल. शेजारचे काका म्हणतात, सिव्हिलला सगळं फुकट असतं. मैत्रीण म्हणते, पुण्याला धर्मादाय हॉस्पिटलात न्या. आणि धाकटा भाऊ म्हणतो, 'आपण काय भिकारी आहोत का? ते गरिबांसाठी असतं. दुसऱ्याच्या तोंडचा घास आपण काढायचा नाही. शिवाय योजनेत हलका स्टेंट टाकतात.' भाऊ एमआयडीसीत कामाला आहे, आई-बाबा त्याच्याकडे असतात. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. आमचा हक्क आहे की नाही, एवढं स्पष्ट सांगा. आणि भरलेले पैसे परत मिळतील का?"

ताई,

हक्क आहे. तुमच्या बाबांचा तर दोन बाजूंनी आहे. आणि मार्चमधल्या त्या रात्रीही तो होता, हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात.

मी सरकारी हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक होते. पद ऐकायला मोठं, पण वॉर्डात सगळे 'सोशल वर्करबाई' म्हणायचे आणि काम म्हणजे दिवसभर माणसांचे कागद बघायचे. त्यामुळे आधी कार्डाच्या रंगाचं बोलू, कारण तुमची गाडी तिथेच अडली.

पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तिरंगी शिधापत्रिका महाराष्ट्रात १ मे १९९९पासून आली. ती काढली धान्यासाठी. वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या वर किंवा घरात चारचाकी असली की पांढरं. पुढे जो तो सरकारी लाभ त्या रंगावरच मोजायची सवय लागली. २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठीच होती. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार. २०१७मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. म्हणजे त्या काळात कोणी 'पांढरं? नाही बसत' म्हटलं असतं, तर बहुतेक वेळा ते खरं असतं.

मग २८ जुलै २०२३ला शासन निर्णय निघाला. राज्यातली सगळी कुटुंबं योजनेत आली, पांढरी कार्डंही आली, आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली. नव्या रूपात ती १ जुलै २०२४पासून चालू आहे. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नव्हतं, की त्याला सांगायचं नव्हतं, ते मी इथे बसून ठरवणार नाही. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत. पण बोर्ड दारात लावलेला असताना काउंटरचं उत्तर जुन्या नियमाचं असणं, हे मात्र मला पटत नाही.

हा झाला एक हक्क. दुसरा बाबांच्या वयाचा. २९ ऑक्टोबर २०२४पासून वयाची सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. त्यासाठी वेगळं 'वय वंदना' कार्ड निघतं. कार्डाचा रंग विचारत नाहीत, उत्पन्न विचारत नाहीत, पेन्शन विचारत नाहीत. खासगी विमा असला तरी चालतो. फक्त केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हींतली एक निवडावी लागते; एसटीवाल्यांचा तो प्रश्न नाही. घरात सत्तरीपुढचे दोघं असले तर ५ लाख दोघांत मिळून. तुमच्या आईंचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, सत्तरच्या आत असतील तर त्यांच्यासाठी फुले योजना आहेच.

वय आधारवरचं धरतात. इथे जरा थांबते, कारण या पिढीची निम्मी मुलं शाळेच्या दाखल्यावर १ जूनला जन्मलेली आहेत. गुरुजींनी नाव घालताना जी तारीख सुचली ती घातली, पुढे आधार काढताना काहींनी तीच दिली, काहींनी दुसरी दिली. आधारवर बाबा ६८चे निघाले तर मुंबईहून कोणी आलं तरी कार्ड निघणार नाही. तेव्हा आज रात्रीच चष्मा लावून आधारवरची जन्मतारीख वाचा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा. ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या सिमवर जातो आणि माणूस सेवा केंद्राच्या बाकावर बसून राहतो, हे मी रोज पाहिलं आहे.

आता त्या रात्रीकडे येते. तुम्ही लिहिलंय की 'बऱ्याच कागदांवर सह्या घेतल्या, वाचायची शुद्ध नव्हती.' कोणाला असते? पण ते कागद आता काढा. फाइलमध्ये नसतील तर हॉस्पिटलकडे लेखी मागा, रुग्णाची कागदपत्रं मागायचा तुम्हाला अधिकार आहे. त्यात एखाद्या कागदावर 'योजनेची माहिती दिली, आम्हाला योजनेतून उपचार नको' अशा अर्थाची ओळ आहे का बघा. असा फॉर्म नातेवाइकांपुढे पेन घेऊन सरकवतात आणि रात्री दीड वाजता ती सही होते. माझ्या अनुभवात योजनेचे निम्मे तंटे त्या एका सहीपाशी येऊन अडतात. दुसरी गंमत स्पेशल रूमची. योजना जनरल वॉर्डासाठी असते. 'बाबांना आराम पडेल, रूम घ्या ना,' असं गोड बोलून रूम दिली की तुम्ही रोख पेशंट झालात.

पैसे परत मिळतील का? खोटी आशा लावत नाही. ही योजना विम्याच्या परताव्यासारखी नाही. आधी भरा, मग बिल जोडून मागा, असं तिच्यात नसतं. उपचार चालू असतानाच नोंद, डॉक्टरचा प्रस्ताव आणि मंजुरी हे सगळं व्हावं लागतं. तुमची नोंदच झाली नव्हती, म्हणजे योजनेच्या खात्यातून काही येणार नाही. पण ते हॉस्पिटल हृदयरोगासाठी योजनेत असेल आणि त्यांनी कार्डाच्या रंगावरून चुकीचं सांगून पैसे घेतले असतील, तर तक्रार करता येते आणि करावी. जिल्ह्याला योजनेचा जिल्हा समन्वयक असतो. त्याच्याकडे लेखी द्या, तारीख-वेळ घालून, बिलाची प्रत जोडून, पोचपावती घेऊन. १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरांवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. हॉस्पिटलनं रक्कम परत केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि नकाराची सही पुढे करून हात वर केल्याचीही. माझा अंदाज विचाराल तर : तो फॉर्म नसेल तर आशा धरा. असेल तर तक्रार द्या आणि ती विसरून पुढच्या उपचाराला लागा. मनस्ताप करत बसलात तर दुसऱ्या स्टेंटची वेळ निघून जाईल.

'हृदयरोगासाठी योजनेत असेल तर' असं मी मुद्दाम लिहिलं. दारातल्या बोर्डावर हे समजत नाही. एखादं हॉस्पिटल हाडांच्या आणि मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं. तेव्हा त्या मुलाचं 'नाही बसत' हे उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं, असंही झालं असेल. शिवाय योजना आजारांची यादी करत नाही, उपचारांची करते. शासन निर्णयात १३५६ उपचार होते, पुढे ती यादी आणखी वाढवली. अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट टाकणं, त्यात आहे, बायपास आहे. काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलांसाठी राखून ठेवले आहेत. नुसती तपासणी करून माणूस घरी पाठवला, तर त्या तपासणीचे पैसे योजनेत बसतीलच असं नाही. तेव्हा 'योजना आहे का?' असा प्रश्न विचारूच नका. 'हृदयाची अँजिओप्लास्टी तुमच्याकडे फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये होते का?' असा विचारा. विचारायचा कोणाला? बिलिंगला नाही. प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, हॉस्पिटलात योजनेचा कक्ष असतो आणि तिथे आरोग्यमित्र बसतो. तो हॉस्पिटलचा नोकर नसतो, योजनेचा माणूस असतो. रात्री त्याची खुर्ची रिकामी असेल तर वरच्या नंबरवर फोन लावायचा. अचानक आलेल्या दुखण्यात फोनवर कळवून उपचार सुरू होतात, कागद मागाहून दिलेले चालतात. हे माहीत नसल्यामुळे माणसं रेशनकार्ड आणायला गावाकडे मोटारसायकल पिटाळतात आणि तोवर इकडे डिपॉझिट भरून मोकळी होतात.

आता शेजारच्या काकांचं. काका बरोबर आहेत, अर्धे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय. केस पेपरचे पैसेसुद्धा नाहीत. तिथे कुठलंही कार्ड लागत नाही, तालेवार असला तरी रांगेत उभा राहून फुकट औषध घेऊ शकतो. पण 'सरकारी' या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या मालकांची घरं कोंबतो. मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं, म्हणजे मुंबईचं जे. जे. किंवा पुण्याचं ससून, वैद्यकीय शिक्षण खात्याची. त्या निर्णयात ती नव्हती. तिथे केस पेपरला आणि तपासण्यांना थोडे पैसे पडतात. केईएम, सायन, नायर ही मुंबई महापालिकेची. त्यांचे दर महापालिका ठरवते. आणि बऱ्याच जिल्ह्यांत जुनं सिव्हिल आता नव्या मेडिकल कॉलेजला जोडलं गेलंय, त्यामुळे लोकांच्या तोंडी नाव सिव्हिलच असलं तरी पाटी बदललेली असते. हा घोळ सामान्य माणसानं का म्हणून लक्षात ठेवायचा, असा प्रश्न मी नोकरीत असतानाही वरिष्ठांना विचारला होता. उत्तर मिळालं नाही, पुढे निवृत्त झाले. तुम्ही एवढंच करा, खिडकीवर पैसे मागितले की 'हे कुठल्या खात्याचं हॉस्पिटल?' असं विचारा. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत फुले योजनाही असते, आणि पैसे पडलेच तरी समाजसेवा विभागाचं दार ठोठावता येतं. ते दार बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा ओपीडीच्या टोकाला असतं आणि त्यावरची पाटी पुसट असते. तरी ठोठावा.

तुमच्या दुसऱ्या स्टेंटसाठी जिल्हा रुग्णालय चालेल का? सगळीकडे कॅथलॅब, म्हणजे स्टेंट टाकायची सोय, नाही, तेव्हा आधी फोन करा. पण रक्त तपासण्या, इको, रोजच्या गोळ्या यांसाठी गावच्या सरकारी दवाखान्यात नाव घालून ठेवाच. स्टेंटनंतरच्या गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात, त्या परस्पर बंद करू नका. गहाण टाकलेल्या पाटल्या सोडवायचा रस्ता या महिन्याच्या औषध खर्चातूनही जातो.

मैत्रिणीनं सांगितलेलं धर्मादाय हॉस्पिटल हे आणखी वेगळं घर. ही खासगी दिसतात, चकचकीत असतात, पण ट्रस्टची असतात आणि त्या नावाखाली त्यांना सवलती मिळतात. त्याबदल्यात कायद्याचं देणं लागतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००६मध्ये त्यासाठी पक्की योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. सगळ्या रुग्णांच्या बिलातले २ टक्के बाजूला काढून त्याचा फंड करायचा आणि तो याच रुग्णांवर खर्च करायचा. आज निर्धन म्हणजे वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायचं. अशा रुग्णाला तातडीच्या वेळी डिपॉझिट मागायचं नाही, आधी जीव वाचवायचा, असं त्या योजनेतच लिहिलं आहे.

बाबा भावाच्या घरी राहतात म्हणजे उत्पन्न त्या घराचं धरलं जाईल. भावाचा पगार आणि बाबांची पेन्शन मिळून ३ लाख ६० हजारांच्या आत बसत असेल तर दुर्बल घटकात याल, म्हणजे अर्ध्या बिलाची सवलत. पण खरं सांगू? तुमच्या बाबतीत हे दार शेवटचं ठेवा. वय वंदना कार्डावर पूर्ण उपचार होत असताना अर्ध्या बिलासाठी पुण्याला जाऊन राहायचं, खायचं, 'फंड संपला' हे वाक्य ऐकायचं, कशासाठी? जायचंच झालं तर गेल्या गेल्या समाजसेवकाकडे अर्ज द्या. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर 'आम्ही गरीब आहोत' म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. माझ्या टेबलापाशी आलेल्या किती माणसांना मी एवढंच म्हटलं असेल : बाबा रे, परवा का नाही आलास?

आता भाऊराया. त्याच्यावर रागावू नका. त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत, एक चुकीची आणि एक चांगली.

चुकीची आहे ती स्टेंटची. 'हलका स्टेंट' हे वाक्य मी पंधरा-वीस वर्षं ऐकते आहे आणि ते डॉक्टरच्या तोंडून फारच कमी वेळा ऐकलं. ते काउंटरवर जन्मतं. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणानं स्टेंटच्या किमती बांधल्या. साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये, वर कर. त्याआधी लाख-सव्वा लाखाला स्टेंट लावले जात. पुढे दर बदलत गेले, पण बांधलेलेच राहिले. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची, कंपनी, नाव, बॅच नंबर लिहायचा, असं त्याच आदेशात आहे. मार्चच्या बिलात ही ओळ शोधा. '२ लाख १० हजार, पॅकेज' एवढंच लिहिलं असेल तर तपशीलवार बिल मागा. भावाला दाखवा, स्टेंट केवढ्याला आणि बाकीचं कशाला. पुढच्या वेळी योजनेत कुठला स्टेंट टाकणार हे हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा. डॉक्टर स्वतः म्हणाले की अमुक कारणासाठी वेगळा लागेल, तर त्यांना ते लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याच गोष्टी हलक्याच्या चांगल्या होतात.

चांगली गोष्ट म्हणजे त्याला गरिबाच्या घासाची काळजी वाटते. ही काळजी वाटणारी माणसं कमी झाली आहेत, म्हणून तिचं नीट उत्तर देते.

१९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं आपला अहवाल दिला. त्यात असं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९९६मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचं प्रकरण आलं. तो रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी 'खाट नाही', 'मशीन नाही' म्हणत त्याला पुढे पाठवलं. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार खर्चून तो वाचला. न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा, घटनेच्या २१व्या कलमाचा भंग आहे, आणि सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली. पैसे नाहीत हे सरकारनं कारण म्हणून पुढे करायचं नाही, असंही ठणकावलं. त्या निकालात कुठे कार्डाचा रंग नाही.

आणि पैसा कोणाचा? तुमचे बाबा तीस-पस्तीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली झोपून पाने फिरवत होते. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत तुमच्या घरानं कर भरला आहे. त्यातून योजना चालते. भावाचा पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर त्याची पगाराची चिठ्ठी बघा, 'ईएसआय' (कामगारांचा आरोग्य विमा) म्हणून ०.७५ टक्के कापलेले दिसतील, मालकाचे ३.२५ टक्के वेगळे. त्या विम्यात आई-वडीलही येतात, दोघांचं मिळून उत्पन्न महिना ९ हजारांच्या आत असेल तर. एसटीच्या माणसाची ईपीएफची पेन्शन किती तुटपुंजी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे बहुधा बसतील. म्हणजे 'भिकारी आहोत का' म्हणणारा तुमचा भाऊ कदाचित दर महिन्याला बाबांच्या दवाखान्याचे पैसे आधीच भरतोय. ईएसआयच्या कार्डावर आई-बाबांची नावं घातली नसतील, एवढंच.

तरीही त्याचा प्रश्न उरतोच : आपण घेतल्यानं गरिबाचं कमी होतं का? माझं मत उलट आहे. मी नोकरीला लागले तेव्हा सरकारी वॉर्डात मास्तर, कारकून, पोलीस सगळे भरती व्हायचे. त्यामुळे चादर मळकी असली की कोणीतरी बोलायचं, इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं की कोणीतरी डॉक्टरला कारण विचारायचं. मग हळूहळू पगारदार माणूस खासगीकडे गेला आणि वॉर्डात बोलणारं कोणी उरलं नाही. तुमच्यासारखी शिकवणारी बाई योजनेच्या खिडकीवर उभी राहून 'शासन निर्णय दाखवा' म्हणते, तेव्हा तिच्या मागच्या रांगेतल्या माणसाचंही काम होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी योजनेची भक्त नाही, हेही लिहून ठेवते. पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून हॉस्पिटलं कुरकुरतात आणि त्याचा राग पेशंटवर निघतो. योजनेतला निम्मा पैसा ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागा भरायला गेला असता तर मला जास्त आनंद झाला असता. देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोक अजून स्वतःच्या खिशातून भरतात, हा सरकारचाच २०२१-२२चा आकडा आहे. २०१३-१४मध्ये तो ६४.२ होता, म्हणजे उतरला. पण तुमच्या आईंच्या पाटल्या त्या ३९.४मध्येच आहेत.

ज्याच्या तोंडचा घास खरोखर निघतो तो माणूस वेगळा आहे. तुमच्याच भागात उसाच्या फडावर कर्नाटकातून, मध्य प्रदेशातून आलेली टोळी असते. त्यांच्याकडे महाराष्ट्राचं कार्ड नाही, आधार आहे तर फोन नाही. बीड-जालन्याकडच्या टोळ्यांचं कार्ड इथेही चालतं, पण ते गावाकडे पत्र्याच्या पेटीत असतं, किंवा त्यावर नव्या सुनेचं नाव चढलेलं नसतं. माझ्याकडे एकदा अशीच एक बाळंतीण आली होती. नाव माहेरच्याही कार्डावर नाही, सासरच्याही नाही. लग्न झालं म्हणून तिकडून काढलं आणि इकडे घालायचं राहिलं. तिच्या उपचाराला पैशापेक्षा जास्त वेळ त्या एका नावानं खाल्ला. तुमच्या बाबांनी योजना घेतली म्हणून तिचं काही कमी झालं नाही, आणि त्यांनी सोडून दिली म्हणून तिला काही मिळणारही नाही. भावाला गरिबाची काळजी आहे ना? फडावरच्या दोन टोळ्यांना कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगू दे, १०८ नंबर सांगू दे, आणि इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कार्ड न दाखवता औषध मिळतं हे सांगू दे. ते बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

तर ताई, या आठवड्यात आधारवरची जन्मतारीख बघा आणि सेवा केंद्रात किंवा अंगीकृत हॉस्पिटलच्या योजना कक्षात बाबांचं वय वंदना कार्ड काढून घ्या. बाबांना स्वतः न्यावं लागेल, चेहरा किंवा अंगठा जुळवतात. मग हेल्पलाइनवरून जिल्ह्यातली आणि शेजारच्या जिल्ह्यातली, हृदयासाठी अंगीकृत असलेली हॉस्पिटलं लिहून घ्या आणि त्यांतल्या दोन ठिकाणी आरोग्यमित्राला भेटून या. मार्चच्या अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि 'दुसऱ्या ब्लॉकला स्टेंट लागेल' असं डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं सोबत ठेवा. या वेळी अकरा वाजलेले नसतील, छातीत दुखत नसेल, सही करण्याआधी कागद वाचता येईल. मात्र मधल्या काळात बाबांना पुन्हा दुखलं तर हे सगळं बाजूला ठेवून १०८ लावा, योजना नंतर बघू.

आणि जाताना भावाला घेऊन जा. रांगेत त्यालाच उभं करा, तुम्ही बाबांजवळ बाकावर बसा. कार्डावर बाबांचा फोटो छापून आला की त्यांनाच धरायला द्या. आणि काय म्हणाले ते मला कळवा.